शाळेच्या बास्केटबॉल मॅचमध्ये पंच नेमकं करतात काय?

नमस्कार मंडळी! आधी हे दोन बॉल बघा. हा सात नंबर, मुलांचा. हा सहा नंबर, मुलींचा, जरासा लहान आणि हलका. बाकी बास्केट तेवढ्याच उंचीवर, १० फूट, फाऊल तेच आणि पंचही बऱ्याचदा तेच, म्हणजे आधी मुलींची मॅच काढतात, घोटभर पाणी पितात आणि लगेच मुलांच्या मॅचला उभे. मधे टेबलावरचा बॉल तेवढा बदलायचा असतो आणि नेमका तोच राहतो! म्हणून मुरलेला पंच जंप बॉलच्या, म्हणजे सुरुवातीला बॉल वर उडवण्याच्या आधी बॉलवरचा नंबर वाचतोच.

आता लोकांना वाटतं दोन्ही पंच बॉलमागेच पळतात. छे! एक पुढे बेसलाईनला, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, तो लीड. मागून येतो तो ट्रेल. बॉल एकाच्या एरियात असला की दुसऱ्याने बॉल बघायचाच नाही, जर्सी कोण ओढतंय, रिबाऊंडला, म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकडताना, कोण ढकलतंय ते बघायचं. बॉल दुसऱ्या टीमकडे जाऊन खेळ उलट फिरला की ट्रेल पळत पुढे जाऊन लीड होतो. तिसरा पंच मिळाला तर तो सेंटर.

आणि खरी मॅच चालते कोर्टाच्या कडेच्या स्कोअररच्या टेबलावर. पंच फाऊल दिल्यावर टेबलाकडे बघून आधी खेळाडूचा नंबर दाखवतो, मग फाऊल कसला ते, मग फ्री थ्रो की साईडने बॉल. स्कोअररने ते टिपायचं, कोणाचा पाचवा फाऊल झाला की लगेच सांगायचं.

मी एकदा त्या खुर्चीत होतो. दोघांनी एकदम बॉल धरला की टेबलावरचा बाण ज्या बाजूला, त्या टीमला बॉल, आणि थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकून झाला की बाण फिरवायचा. मी विसरलो ना! पुढच्या वेळी परत त्याच टीमला बॉल मिळणार, तेवढ्यात समोरचे कोच तरातरा टेबलावर. पंचांनी एक शब्द न बोलता बाण फिरवला, आणि माझे कान लाल.

ड्युटी कोण लावतं? शाळा नाही, पंचांची संघटना किंवा आयोजक, कारण आपल्याच पीटीच्या सरांनी शिट्टी मारली तर समोरचे ऐकतील का? पण एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, नवशिक्यांना सराव म्हणून मुलींच्या मॅचला पाठवायचं आणि सीनियर सगळे मुलांकडे. का बुवा?

आणि हो, शेवटचा हूटर वाजला म्हणजे निकाल लागला असं नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमात मुख्य पंच स्कोअरशीट तपासून सही करतो, तेव्हा पंचांचं त्या मॅचमधलं काम संपतं. तक्रार असेल तर सहीच्या आधी बोला.