पहिलटकरणीजवळची सिस्टर

(दृश्य: सायन हॉस्पिटलबाहेरचा रस्ता, पहाट)

मे 2020. धारावीजवळचं सायन हॉस्पिटल, म्हणजे मुंबई महापालिकेचं लोकमान्य टिळक रुग्णालय. महिन्याभरात इथे कोविडबाधित मातांच्या पोटी शंभराहून अधिक बाळं जन्मली.

पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी जायचं, ही आपली रीत. उशाशी आई, पाठ चोळायला मावशी. टाळेबंदीत एसटी थांबली, रेल्वे थांबली, आणि कितीतरी जणींचं माहेर दूर राहिलं. कोविड वॉर्डात तर बहुतेक ठिकाणी नातेवाइकांना आत सोडतच नव्हते. जवळ उरायची ती सिस्टर. पीपीई किटमध्ये नखशिखांत झाकलेली. दिसायचे फक्त डोळे, तेही वाफ धरलेल्या चष्म्यामागे.

(दृश्य: लेबर रूमचं दार)

मास्कमधून आवाज दबतो, म्हणून सिस्टर मोठ्याने बोलते. कळांनी पिळवटलेल्या बाईला वाटतं, ही आपल्यावर ओरडतेय. आणि आपल्या प्रसूतिगृहांत बायकांनी ओरडा पूर्वीही पुष्कळ खाल्लाय. हे ओळखणारी सिस्टर आवाज चढवत नाही. समोर येते, वाकते, छोटी वाक्यं बोलते. कळ ओसरेपर्यंत थांबते, कारण ऐन कळेत सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.

किटवर मार्करने नाव लिहिलेलं असलं, तरी ती तोंडानेही सांगते. "रात्री आठपर्यंत मी तुझ्याजवळच आहे." हात लावण्याआधी, "आता तपासते हं. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन." हात वर गेला की खरंच थांबते, सगळा विश्वास त्या थांबण्यावर. "कळलं ना?" म्हटलं की घाबरलेली बाई नुसती मान डोलावते. म्हणून ती विचारते, "कळ आली की काय करशील, सांग बरं." मग बाईच्याच तोंडून येतं, श्वास हळू सोडायचा, जोर इतक्यात लावायचा नाही.

भीती वाढली की ॲड्रेनालिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला अडथळा होतो. बाळंतपणात सतत कुणी जवळ असल्याने काय फरक पडतो, हे पाहणाऱ्या 26 वैद्यकीय अभ्यासांचा, 15,000 हून अधिक स्त्रियांचा आढावा 2017 साली घेतला गेला. सतत आधार मिळालेल्यांच्या कळांचा काळ कमी भरला, नैसर्गिक प्रसूतीही जास्त झाल्या. कोविडबाधित बाईलाही तिच्या पसंतीचं माणूस सोबत हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीतच सांगितलं होतं. ते आपल्याकडे फार कमी ठिकाणी पाळलं गेलं, याचं वाईट वाटतं.

सोबतीला माणूस नसेल तर निदान फोन. सिस्टरने दुहेरी हातमोज्यांच्या हाताने मोबाइल बाईच्या कानाशी धरायचा. पलीकडे गावाकडची आई, "दम धर गं बाळा."

(दृश्य: बाळाच्या मुठी)

बाळ रडतं. आई हात पुढे करते, मागे घेते. "सिस्टर, मला कोरोना आहे. घेऊ का याला?"

"हात धू, मास्क नीट लाव, आणि घे. पाज त्याला. मी आहे इथेच."