अनुदान नव्या गाडीला, आग जुन्या बॅटरीला

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विजेच्या दुचाकीसाठी अनुदान देतं अवजड उद्योग मंत्रालय. तिची बॅटरी कशी असावी, हे ठरवतं रस्ते वाहतूक मंत्रालय. पैसा एका दारातून येतो, सुरक्षितता दुसऱ्या दारात राहते. ही दोन दारं एकमेकांना जोडली नाहीत, म्हणून जिथे आगीचा धोका सगळ्यात जास्त आहे तिथे आपला एक रुपयाही पोचत नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे, पण ते नीट मांडायचं आहे.

२०२२ हे वर्ष आठवा. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच दिवसांत तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि घरातले बाप-लेक धुराने गुदमरून गेले. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या नव्याकोऱ्या स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला एका हॉटेलखालच्या विजेच्या स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या मजल्यांवर उतरलेली आठ माणसं मेली. त्याच महिन्यात आपल्या वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात दगावला.

या घटनांत चालती गाडी पेटल्याची एकही नाही. उभी गाडी, साठवलेली गाडी, चार्जिंगला लावलेली बॅटरी. आणि माणसं गेली ती घरात किंवा राहत्या जागेखाली लागलेल्या आगीत.

असं का होतं? तीन किलोवॅट-अवरच्या, म्हणजे तीन युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीत दीडशे-दोनशे, कधी त्याहून जास्त सेल असतात. त्यातला एक सेल आतून शॉर्ट झाला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला की तो तापतो. एका मर्यादेपलीकडे आतली रसायनं स्वतःच उष्णता सोडायला लागतात. मग चार्जर काढला तरी उपयोग नसतो. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. चुलीतलं लाकूड ओढून बाजूला करता येतं, इथे तशी सोय नाही. बाहेर पडणारे वायू ज्वलनशील असतात आणि विषारीही. म्हणून माणसं भाजून जातात तशी गुदमरूनही जातात.

त्या वर्षीच्या घटनांनंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि विजेच्या दुचाकीच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-१५६ या सुरक्षा मानकात मोठी दुरुस्ती झाली. ती दोन टप्प्यांत लागू झाली: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. ही मानकं जिच्यामार्फत निघतात ती एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. दुरुस्ती चांगली आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, आतला दाब बाहेर पडायला वाट हवी, तापमान मोजणारे संवेदक हवेत, पाणी शिरता कामा नये, एक सेल बिघडला तर माणसाला आधी इशारा मिळाला पाहिजे, चार्जर आपोआप बंद झाला पाहिजे. आज शोरूममधून नंबरप्लेट लावून बाहेर पडणारी स्कूटर २०२१ च्या स्कूटरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

आता पैशाकडे येऊ. विजेच्या गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची फेम-२ योजना एप्रिल २०१९ मध्ये आली, तरतूद दहा हजार कोटींची. दुचाकीला किलोवॅट-अवरमागे १०,००० रुपये. जून २०२१ मध्ये ते १५,००० केले आणि मर्यादा गाडीच्या किमतीच्या २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. नंतरच्या उन्हाळ्यात आगी लागल्या. मी असं म्हणत नाही की अनुदानामुळे आगी लागल्या. पण अनुदान बॅटरीच्या आकारावर मोजलं जात होतं. बॅटरी जितकी मोठी तितके पैसे जास्त. ती किती उष्णता सोसते, यावर एक रुपया कमी-जास्त होत नव्हता.

चार्जरचा किस्सा तर मला फार बोलका वाटतो. अनुदानासाठी गाडीची कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत असावी लागे. तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी चार्जर वेगळा विकायला सुरुवात केली, म्हणजे गाडीची किंमत मर्यादेत बसते. पुढे सरकारने हे पकडलं आणि २०२३ मध्ये कंपन्यांनी ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करायचं मान्य केलं. विचार करा: आग अनेकदा ज्याच्या वेळी लागते त्या चार्जिंगचं मुख्य उपकरण, आणि ते हिशेबात वरचं सामान ठरलं.

यातून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. पैसे रोखून धरले की कंपन्या ऐकतात. देशी सुटे भाग वापरले नाहीत म्हणून सरकारने अनुदान अडवलंच होतं. जे देशी भागांसाठी करता आलं ते सुरक्षिततेसाठी का नाही?

आणि आता ज्यांच्याविषयी कोणी बोलत नाही त्या गाड्या. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, पाव किलोवॅटच्या आतल्या मोटरची, बॅटरी सोडून साठ किलोपर्यंत वजनाची दुचाकी कायद्याने मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, नोंदणी नको. फेम-२ मध्ये किमान वेग आणि किमान पल्ल्याची अट होती, त्यामुळे अनुदानही नाही. एकदा चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं की पुढे तिच्यात कोण काय बसवतो हे पाहणारं कोणी नाही. मे २०२२ मध्ये आपल्या परिवहन विभागाने वेग वाढवलेल्या अशा बाइकविरुद्ध मोहीम काढली होती, पण मोहीम ती मोहीम.

या गाड्या कोण घेतं? जेवणाचे डबे पोचवणारी पोरं, कॉलेजातली मुलं, कमी पगारावर घर चालवणारी माणसं. गाडीबरोबर अनेकदा शिसे-आम्लाची बॅटरी येते. ती निकामी झाली की गल्लीतल्या दुकानातून लिथियमचा पॅक आणतात, पण चार्जर जुनाच ठेवतात. ४८ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. तेरा सेल ओळीने जोडलेला लिथियमचा पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. मधल्या चार व्होल्टांना अडवणारं एकच सर्किट असतं, आणि स्वस्त पॅकमध्ये तेच सगळ्यात कच्चं असतं.

बरं, त्या पोराला चांगली बॅटरी घ्यायची असेल तर? विजेची गाडी बॅटरीसकट घेतली तर जीएसटी ५ टक्के. तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. नवी गाडी घेणाऱ्याला सवलत, धोकादायक बॅटरी बदलणाऱ्याला जादा कर. राज्याच्या २०२१ आणि २०२५ च्या ई-वाहन धोरणांतही खरेदीची सवलत नव्या गाडीलाच आहे. याचा मला मनापासून राग येतो.

न्यूयॉर्क शहराकडे पाहा. तिथेही डिलिव्हरी करणारे कामगार, तिथेही स्वस्त बॅटऱ्या. २०२३ मध्ये लिथियम बॅटरीच्या २६८ आगी आणि १८ मृत्यू. त्याच सप्टेंबरपासून प्रमाणित नसलेली ई-बाइक आणि बॅटरी विकायला बंदी आली. पण बंदीवर न थांबता त्यांनी कामगारांसाठी रस्त्यावर, उघड्यावर चार्जिंगचा प्रयोग केला आणि पुढे जुनी बाइक देऊन प्रमाणित बाइक घेण्याची योजना आणली. २०२४ मध्ये आगी २७७, म्हणजे थोड्या जास्तच. पण मृत्यू ६. आग इमारतीत लागण्याचं प्रमाण घटलं, उघड्यावरच्या आगी वाढल्या. माझ्या मते जीव त्यानेच वाचले.

म्हणून माझी मागणी अशी. फेम-२ नंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून नव्या दुचाकीला मिळणारी मदत एप्रिल २०२५ पासून किलोवॅट-अवरमागे पाच हजारांवरून अडीच हजारांवर आणली गेली. जे पैसे उरतात त्यातला हिस्सा जुन्या पॅकच्या बदल्यात तपासलेला पॅक आणि त्याचाच चार्जर देण्यासाठी ठेवा. परत आलेल्या पॅकची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकलेलीच आहे. सुट्या पॅकवरचा कर गाडीइतका करा, पण फक्त प्रमाणित पॅकवरचा. आणि मंद गतीच्या गाडीला नंबरप्लेट नसेना का, तिच्या पॅकला क्रमांक हवाच.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "आमच्या सोसायटीने आगीच्या भीतीने पार्किंगमध्ये चार्जिंग बंद केलं आहे. योग्य केलं का?" ताई, नाही. पार्किंगमधला सॉकेट बंद झाला की बॅटरी लिफ्टने वर जाते आणि रात्री हॉलमध्ये, दाराशेजारी चार्जिंगला लागते. घरातून बाहेर पडायची वाट तीच. जिन्यापासून आणि मीटरच्या खोलीपासून लांब, शक्य तर भिंतीबाहेर उघड्यावर जागा द्या, स्वतंत्र वायर आणि एमसीबी टाका, खर्च वापरणाऱ्यांकडून घ्या. आणि तुमच्याकडे येणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांनाही तिथे गाडी लावू द्या.

दुसरी चिठ्ठी चार्जरबद्दल आहे: आपला चार्जर आपल्या बॅटरीला चालतो का, हे कसं ओळखायचं? घरी गेल्यावर चार्जरवरचं लेबल वाचा, 'आउटपुट'समोर किती व्होल्ट लिहिलेत ते पाहा. मग बॅटरीवर पूर्ण चार्जचा आकडा पाहा. चार्जरचा आकडा मोठा असेल, किंवा दोन्हींपैकी एकावर लेबलच नसेल, तर आज रात्री ती बॅटरी चार्जिंगला लावू नका.