मॅगपाय, कावळा आणि त्यांना आवरण्याच्या रीती

श्रोतेहो, नमस्कार.

पाखरं राखणं हे काम आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर चढून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, हल्ली चमकणाऱ्या फिती बांधायच्या. पण त्यात हेतू हुसकावण्याचाच असतो. आज मी बोलणार आहे ते पाखरू पकडून, प्रसंगी मारून, त्याची संख्या आवरण्याबद्दल. आणि पाखरूही साधंसुधं नाही, कावळ्याच्या कुळातलं आहे. या कुळाशी गाठ पडली की बंदूक, सापळा आणि विष यांच्याआधी त्या पाखराचा स्वभाव कळावा लागतो. तो ज्याला कळला नाही, त्याची काडतुसं फुकट जातात.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तिथे मॅगपाय नावाचा पक्षी आहे, आपल्या टकाचोराचा नातेवाईक. काळापांढरा, लांब शेपटीचा, पंखांवर निळी-हिरवी झाक. ब्रिटनमध्ये त्याच्या सुमारे 6 लाख जोड्या आहेत. किडे, मेलेली जनावरं, फळं, धान्य, काहीही खातो. आणि वसंतात इतर पक्ष्यांची अंडी आणि पिल्लंही. त्यामुळे शिकारीसाठी फेझंट (कोंबडीच्या कुळातला पक्षी) आणि तित्तर राखणाऱ्या गेमकीपर मंडळींचा त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा राग. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तो बंदुकीने इतका मारला की कित्येक भागांत दिसेनासा झाला. पहिल्या महायुद्धानंतर गेमकीपर कमी झाले आणि मॅगपाय पुन्हा वाढला, पुढे शहरांतल्या बागांतही राहायला आला.

बंदुकीने हा पक्षी मारणं अवघड. माणूस बंदूक घेऊन आला की तो अंतर राखून बसतो, आडोशात लपलेला माणूस त्याला पटकन कळतो. म्हणून खरी युक्ती निघाली ती सापळ्याची, आणि ती निघाली डेन्मार्कमध्ये. 1950 च्या दशकात लार्सन नावाच्या गेमकीपरने हा पिंजरा बनवला, त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. ब्रिटनमध्ये त्याचा प्रसार 1980 च्या दशकाच्या अखेरीस झाला.

तो नीट समजून घ्या. जाळीचा पिंजरा, आत कप्पे. एका कप्प्यात जिवंत मॅगपाय. शेजारच्या कप्प्याला वरून उघडणारं, स्प्रिंगचं झाकण. झाकण उघडं ठेवायला मधोमध एक काठी अडकवलेली असते, पण ती अखंड नसते. दोन तुकडे टोकाला टोक लावून बसवलेले असतात. बाहेरचा मॅगपाय त्या काठीवर उतरला की त्याच्या वजनाने काठी निसटते, पक्षी खाली पडतो आणि झाकण धाडकन बंद होतं.

आता प्रश्न असा, की एवढा सावध पक्षी त्या काठीवर उतरतोच कशाला? खाण्यासाठी नाही, रागाने. मॅगपायची जोडी मार्च-एप्रिलमध्ये काटक्यांचं, वर छप्पर असलेलं घरटं बांधते आणि आजूबाजूचा टापू आपला मानते. त्या टापूत परका मॅगपाय दिसला की दोघंही त्याच्यावर धावून जातात. पिंजऱ्यातला पक्षी त्यांच्या दृष्टीने घुसखोर असतो. म्हणून हा सापळा वसंतात चालतो. टापूचा हट्ट ओसरला की त्याची करामतही ओसरते. आपल्याकडे फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातला तित्तर फाशात आणत, ती विद्या हीच. अर्थात वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे आता ती शिकार बंद आहे.

पिंजऱ्यातल्या त्या जिवंत पक्ष्याचं काय, हा विचार तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा. तिथल्या नियमांप्रमाणे त्याला अन्न, पाणी, आडोसा आणि बसायला दांडी द्यावीच लागते. लावलेला सापळा 24 तासांच्या आत पाहावा लागतो. दुसरा कुठला पक्षी सापडला तर सोडायचा, आणि मॅगपाय मारायचा तो झटकन, हाल न करता. ही अट ज्याला पाळायची नाही त्याने सापळ्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवस न पाहिलेला सापळा हा छळच.

कायद्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये 1981 च्या कायद्याने सगळ्या रानपक्ष्यांना संरक्षण आहे. मॅगपाय मारता येतो तो सर्वसाधारण परवान्याखाली, म्हणजे वेगळा अर्ज न करता सगळ्यांना लागू असलेल्या परवान्याखाली, तोही ठरावीक कारणासाठीच: पिकाचं वा जनावरांचं गंभीर नुकसान टाळणं किंवा दुर्मिळ पक्ष्यांचं रक्षण. ‘मला हा पक्षी आवडत नाही’ हे कारण चालत नाही. हे परवाने कायद्याला धरून दिले जात नाहीत, असा आक्षेप वाइल्ड जस्टिस या संस्थेने घेतला आणि एप्रिल 2019 मध्ये सरकारी खात्याला ते मागे घ्यावे लागले. नंतर नवे परवाने आले, पण अटी अधिक नेमक्या झाल्या.

आणि बागेतले गाणारे पक्षी कमी झाले, त्याला मॅगपायच जबाबदार, हा समज? ब्रिटनमधल्या पक्षीगणनेच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक जातींच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही. बांधावरची झुडपं तोडली गेली, कीटकनाशकं आली, कापणीनंतर धसकटांत उरणारं दाण्यांचं खाणं गेलं. पक्षी घटले त्याची मोठी कारणं ही. एखाद्या छोट्या राखीव माळावर जमिनीवर अंडी घालणारे चार दुर्मिळ पक्षी उरले असतील, तर तिथे त्या हंगामात मॅगपाय पकडणं मला पटतं. सगळ्या देशभर सूड म्हणून मारत सुटणं पटत नाही.

आता आपल्या कावळ्याकडे येऊ. श्राद्धाला ज्याची वाट पाहतो, पिंडाला जो शिवावा म्हणून हात जोडतो, तोच राखाडी मानेचा कावळा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठा उपद्रव ठरला आहे. तो आपण होऊन तिथे गेला नाही. 1890 च्या दशकात तिथल्या झांजिबार बेटावर कचरा साफ करायला म्हणून तो मुद्दाम नेला गेला. मलेशियातल्या क्लांगमध्ये कॉफीच्या मळ्यांतल्या अळ्या खायला सिलोनहून नेला. बाकी ठिकाणी जहाजांवर बसून पोहोचला. केनियातलं मोंबासा, टांझानियातलं दार-ए-सलाम इथे तो सुगरणींची घरटी लुटतो, कोंबडीची पिल्लं उचलतो.

याला लार्सनचा छोटा पिंजरा पुरत नाही, कारण कावळा थव्याने राहणारा. त्याला ओढतो तो घोळका आणि खाणं. म्हणून खोलीएवढा जाळीचा पिंजरा उभारतात, आत काही कावळे आणि मासळीची, मटणाची टाकाऊ छाटण. छताला अरुंद फट, शिडीच्या पायऱ्यांसारखी. कावळा पंख मिटून आत उतरतो. पण वर उडताना पंख पसरावे लागतात आणि पसरलेले पंख त्या फटीतून जात नाहीत.

बंदूकही वापरून झाली. क्लांगमध्ये कावळे मारण्याच्या स्पर्धा झाल्या, सिंगापूरमध्ये अनेक वर्षं गन क्लबचे नेमबाज पाठवले जात. 2020 च्या सुमारास ते थांबलं. गोळीने संख्या घटते, पण उरलेले शहाणे होतात. अमेरिकेत सिएटलला जॉन मार्झलफ या पक्षी-अभ्यासकाने मुखवटे घालून कावळे पकडले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडून अंगावर येत. माणसाचा चेहरा लक्षात ठेवणारं पाखरू आहे हे.

विषाचंही तसंच. समोर एक कावळा तडफडला तर बाकीचे त्या खाण्याला शिवत नाहीत. म्हणून स्टारलिसाइड नावाचं विष वापरतात, जे हळूहळू मूत्रपिंड निकामी करतं. पक्षी खाऊन उडून जातो आणि काही तासांनी वा एक-दोन दिवसांनी दुसरीकडे मरतो, त्यामुळे थव्याला संशय येत नाही. मेलेला पक्षी खाणाऱ्याला धोका कमी, असं सांगतात. तरी हे काम प्रशिक्षित माणसांचंच. केनियाच्या वन्यजीव सेवेने 2024 मध्ये वर्षअखेरपर्यंत 10 लाख कावळे कमी करण्याचा बेत जाहीर केला, त्यात या विषाचा मोठा वाटा होता.

मला सगळ्यांत मोलाचं उदाहरण वाटतं ते येमेनच्या सोकोत्रा बेटाचं. तिथे 1990 च्या दशकात मोजकेच कावळे पोहोचले. बेटावर जगात दुसरीकडे नसलेले पक्षी आहेत, म्हणून लोक लगेच कामाला लागले. वर्षानुवर्षं घरट्यांतली पिल्लं काढली, त्यासाठी स्थानिक पोरांना पैसे दिले, आणि 2009 मध्ये उरलेले शेवटचे कावळे टिपले. झांजिबारला शंभर वर्षं उशीर झाला. तिथे आता पिंजरे कायमचे लावत राहावे लागणार.

आणि हे सगळं करूनही उघड्यावर कचरा असेल, तर रिकामी झालेली जागा वर्षभरात भरते. सिंगापूरला हे कळलं आहे. तिथे आता घरटी काढणं, फांद्या छाटणं आणि झाकणबंद कचराकुंड्या यांवर भर आहे. मोंबासा, दार-ए-सलाम किंवा सिंगापूरला राहणारे कुणी मराठी श्रोते हे ऐकत असतील, तर त्यांनी गॅलरीत कावळ्याला रोज घास ठेवण्याआधी तिथले नियम जरूर पाहावेत.

आपल्या मुलखात मात्र कावळा घरचा आहे आणि त्याला आवरणारी कोकिळाही घरचीच आहे. ती त्याच्याच घरट्यात अंडी घालते, कावळी तिची पिल्लं वाढवते आणि कावळ्याची पिल्लं तेवढी कमी होतात. आपल्या कायद्यात पूर्वी कावळा उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होता. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, म्हणजे उपद्रवी म्हणून त्याला मारायची मुभा संपली. तेव्हा सोसायटीतल्या झाडावरचं घरटं काठीने पाडू नका. मे महिन्यात कावळा डोक्यावर झडप घालतो तो पिल्लांपायी. तेवढे दिवस छत्री घेऊन जा, नाहीतर दुसऱ्या फाटकाने जा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा, आईबाप त्याला भरवतात. पिल्लं नीट उडायला लागली की हल्ले आपोआप थांबतात.

नमस्कार.