नाशिकचं कॉलेज, पुण्याची पदवी

'कॉलेज कुठलं तुमचं?' नाशिकमध्ये हा प्रश्न चहा यायच्या आत विचारून होतो आणि उत्तरही तितक्याच चटकन येतं. केटीएचएम. एचपीटी. बीवायके. समोरचा मान डोलावतो, कितवी बॅच ते विचारतो, दोन-चार सरांची नावं निघतात आणि ओळख पटते. बोलण्यात याहून जास्त काही लागत नाही. घोळ होतो तो हेच उत्तर कागदावर उतरवताना. नोकरीचा अर्ज, परदेशी विद्यापीठाचा फॉर्म, लग्नाचा बायोडाटा, कंपनीतली कागदपत्रांची पडताळणी, सगळीकडे शिक्षणाची ती एक ओळ असते. आज फक्त त्या एका ओळीबद्दल बोलू.

'कुठे शिकलात' या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. बाकावर कुठे बसलात, आणि पदवीवर शिक्का कोणाचा? नाशिककरांच्या बाबतीत ही दोन उत्तरं बहुतेक वेळा वेगळी असतात. वर्ग कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला, शिक्का पुण्याचा. कारण कला, वाणिज्य, विज्ञान, विधी, इंजिनिअरिंग यांची इथली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न कॉलेज शिकवतं, पदवी विद्यापीठ देतं. म्हणून 'एचपीटीची पदवी' हे बोलायला ठीक असलं तरी अशी पदवी अस्तित्वात नसते.

आता हा शिक्का काळानुसार कसा बदलला ते पाहा. एचपीटी सुरू झालं १९२४ मध्ये, पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. मधली पंचवीस वर्षं इथल्या मुलांची पदवी मुंबई विद्यापीठाची. कुसुमाग्रज एचपीटीतूनच बी.ए. झाले, पण पदवी मुंबईची. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नावाआधी सावित्रीबाईंचं नाव आलं. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर नुसतं 'पुणे विद्यापीठ' छापलेलं आहे. २००६ ला पास झालेला माणूस आज फॉर्म भरताना नवं नाव लिहितो, जोडतो मात्र जुन्या नावाचं प्रमाणपत्र. परदेशातला तपासणारा दोन्ही नावं शेजारी ठेवतो आणि शंका काढतो. तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेलं नाव आधी लिहा आणि पुढे 'सध्याचे नाव' म्हणून नवं लिहा. ऑनलाइन यादीत फक्त नवंच नाव असेल तर तेच निवडा आणि शेऱ्याच्या रकान्यात जुनं नाव नोंदवा.

खानदेशातून येऊन नाशिकला स्थायिक झालेल्यांचा पेच आणखी वेगळा. जळगावचं विद्यापीठ १९९० चं. १९८८ ला धुळ्यात बी.कॉम. झालेल्याची पदवी पुण्याची, पुढच्या दशकात तिथेच बी.कॉम. झालेल्या धाकट्या भावाची उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, आणि आज शिकणाऱ्या पुतण्याची कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, कारण ते नाव २०१८ मध्ये आलं. कॉलेज एक, घर एक, विद्यापीठाची नावं तीन. अशा वेळी आठवणीवर जाऊ नका, कपाटातलं प्रमाणपत्र काढा.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावापुढे 'नाशिक' येतं, अशी दोन राज्यव्यापी विद्यापीठं आपल्याकडे आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. मिरजेत एमबीबीएस केलेल्या डॉक्टरने गोदावरी पाहिलेलीही नसते, पण त्याच्या पदवीवर नाशिक असतं. कॉलेज रोडला तीन वर्षं घालवलेल्या मुलीच्या पदवीवर पुणे असतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही. म्हणून संस्था आणि विद्यापीठ हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत.

आणि एकाच शिक्षणसंस्थेची सगळी कॉलेजं एकाच विद्यापीठाची असतात, हाही गैरसमज. मविप्रचंच, म्हणजे मराठा विद्या प्रसारक समाजाचंच (बोलण्यात एमव्हीपी) घ्या. त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज पुणे विद्यापीठाचं, आडगावचं मेडिकल कॉलेज आरोग्य विद्यापीठाचं, कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, आणि पॉलिटेक्निक तंत्रशिक्षण मंडळाचं, म्हणजे एमएसबीटीईचं. 'मी एमव्हीपीचा' म्हटलं की चारांपैकी कुठलाही शिक्का निघू शकतो. फार्मसीत तर एकाच इमारतीत दोन शिक्के सापडतात: डी.फार्म. मंडळाचं, बी.फार्म. विद्यापीठाचं.

कॉलेजच्या नावाकडे वळू. केटीएचएम हे नाव अख्ख्या जिल्ह्याच्या तोंडी आहे, पण कागदावरचं नाव 'के.आर.टी. आर्ट्स, बी.एच. कॉमर्स अँड ए.एम. सायन्स कॉलेज' असं आहे. थोरात, हिरे, मुरकुटे या तीन कर्मवीरांची आडनावं बोलण्यातल्या लघुरूपात, आणि पूर्ण आद्याक्षरं कागदावरच्या नावात. एचपीटीचंही तसंच. 'एचपीटीचा' म्हणणारा बहुधा आर्ट्सचा आणि 'आरवायकेचा' म्हणणारा सायन्सचा, पण कागदावर कॉलेज एकच: एच.पी.टी. आर्ट्स अँड आर.वाय.के. सायन्स. एका अर्जात एचपीटी आणि दुसऱ्यात आरवायके लिहिलं की पडताळणी करणाऱ्या एजन्सीला ही दोन वेगळी कॉलेजं वाटतात. पूर्ण नाव लिहा, बोलीतलं नाव हवं तर पुढे जोडा.

आता 'काय शिकलात'. इथे चुका जास्त, आणि बहुतेक नकळत झालेल्या. 'बीसीएस केलंय' असं सर्रास म्हणतात, पण पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) असतं. कॉमर्स शाखेच्या बीसीएचं नाव पुढे बी.बी.ए. (सी.ए.) झालं. त्यातलं सी.ए. म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे. बायोडाट्यात कंस गाळून 'बीबीए, सीए' लिहिलं तर मुलीकडच्यांचा केवढा गैरसमज होईल, कल्पना करा. इंजिनिअरिंगला पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत बी.ई. ही पदवी असते. बी.टेक. सहसा स्वायत्त कॉलेजांचं किंवा लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं असतं. दर्जात त्याने काही फरक पडत नाही, पण बी.ई.वाल्याने भारी वाटतं म्हणून बी.टेक. लिहिलं तर ती चुकीची माहिती ठरते आणि नेमणूक अडकू शकते.

'तो इंजिनिअर आहे' या वाक्यावर तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कुणीच थांबत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो: डिप्लोमा की डिग्री? दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत आलेल्याने दोन्ही ओळी लिहाव्यात. नुसती डिग्री लिहिली तर बारावीचा रकाना रिकामा दिसतो आणि समोरच्याला गॅप वाटतो. तिथे 'डिप्लोमा, एमएसबीटीई' लिहिलं की प्रश्न मिटतो. आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव लिहावं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे वेगळे ट्रेड आहेत, 'आयटीआय झालंय' एवढ्याने सुपरवायझरला काही कळत नाही.

बी.ए.ला विषय लिहायचा असतो तो स्पेशलचा. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत पहिल्या वर्षाचे सगळे विषय जनरल, दुसऱ्या वर्षापासून एक विषय स्पेशल. पाच-सहा विषय शिकलात म्हणून पाच-सहा लिहू नका. त्याच रचनेत बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच विषय उरायचा, तोच पदवीचा विषय. एम.ए.च्या प्रवेशाला किंवा शिक्षकाच्या नोकरीला हाच विषय पाहिला जातो.

वर्षाबद्दल थोडक्यात. उत्तीर्ण वर्ष म्हणजे शेवटची परीक्षा ज्या सत्रात पास झालात ते. निकालाचा महिना नव्हे, पदवीदान समारंभाचं वर्ष तर नव्हेच. एप्रिल २०१९ ची परीक्षा असली तर पदवी हातात पडते २०२० मध्ये, आणि लोक २०२० लिहून मोकळे होतात. एटीकेटी असलेल्यांचं, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांचं वेगळं: बॅच २०१५ ते २०१९ ची, शेवटचा विषय सुटला ऑक्टोबर २०२० ला, तर उत्तीर्ण वर्ष २०२०. बॅच सांगताना २०१९ सांगा, फॉर्ममध्ये २०२० लिहा. यात लाजण्यासारखं काही नाही, एटीकेटी हा विद्यापीठाच्या नियमातलाच शब्द आहे.

टक्क्यांचा घोळ मात्र सविस्तर पाहायला हवा. जुन्या टक्केवारीच्या पॅटर्नमध्ये इंजिनिअरिंगला ६६ टक्क्यांना डिस्टिंक्शन होतं, बी.ए., बी.कॉम.ला ७० ला. म्हणजे ६८ टक्के एकाला डिस्टिंक्शन आणि दुसऱ्याला फर्स्ट क्लास. काही पॅटर्नमध्ये वर्ग शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरायचा, तर कंपन्या मागतात सगळ्या सेमिस्टरची सरासरी. कुठला आकडा मागितलाय ते वाचूनच भरा. सीजीपीएचं, म्हणजे श्रेणीगुणांच्या सरासरीचं, टक्क्यांत रूपांतर करताना ९.५ ने गुणायची सवय सीबीएसईच्या दहावीतून आली आहे, ती पदवीला लागू नाही. उदाहरणार्थ ८.२ सीजीपीए. ९.५ ने गुणलं तर ७७.९ टक्के येतात. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) सूत्राने ०.७५ वजा करून दहाने गुणलं तर ७४.५. ७५ ची अट असली तर एका हिशोबात पात्र, दुसऱ्यात बाद. आपल्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रकाच्या मागे किंवा परिपत्रकात असतं, तेच वापरा. फॉर्ममध्ये जागा असेल तर सीजीपीए तसाच लिहा.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांना एक वेगळं सांगायचंय. त्यांचं अभ्यासकेंद्र बऱ्याचदा एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात असतं आणि मग शिक्षणाच्या ओळीत त्या कॉलेजचं नाव येतं. त्या कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तुम्ही नसता. चौकशीचं पत्र तिथे गेलं की 'असा विद्यार्थी नाही' असं उत्तर येतं आणि खरी पदवी खोटी ठरायची वेळ येते. विद्यापीठाचं नाव सरळ लिहा. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ आहे ते. नोकरी सांभाळून, रविवारी संपर्कसत्राला येऊन मिळवलेली पदवी लपवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. तुमचा पत्ता पीआरएनवरून, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावरून लागतो, तो जपून ठेवा.

शिक्षण मध्येच सुटलं असेल तर आपल्याकडे चांगली पद्धत आहे: 'एस.वाय.बी.कॉम. उत्तीर्ण'. जिथवर पास झालात तिथवर लिहायचं. 'अपिअर्ड' फक्त निकाल बाकी असेल तरच. नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांना एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आणि क्रेडिट अकॅडेमिक बँकेत जमा राहतात. पण हा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा यांत गल्लत करू नका.

शेवटी कागदपत्रं. पडताळणीला शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र लागतं, ट्रान्स्क्रिप्टला, म्हणजे सगळ्या गुणांच्या विद्यापीठाने दिलेल्या एकत्रित उताऱ्याला, सगळ्या वर्षांची गुणपत्रकं. नापास झालेल्या प्रयत्नांचीही ठेवा, काही संस्था मागतात. लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूला शिक्का मारता येत नाही. अर्जावर नाव गुणपत्रकाप्रमाणे: आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी पडताळणीच्या अर्जात जुनंच नाव भरावं, विद्यापीठाच्या नोंदीत तेच असतं. नवं नाव राजपत्राच्या किंवा विवाह प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत वेगळं जोडावं.