कॅमेऱ्याला शिक्का आहे, बसवणाऱ्याचं काय?

नमस्कार मंडळी. मागेपर्यंत येतोय ना आवाज? ओळख करून देताना सेक्रेटरी साहेब मला 'सुरक्षातज्ज्ञ' म्हणाले, तेवढं कृपया खोडा. मी सीसीटीव्हीवाला आहे, शिडी आणि ड्रिल घेऊन फिरायचो, आता पोरं फिरतात आणि मी कोटेशनं टाइप करत बसतो एवढाच फरक.

आधी एक विचारतो, तुमच्या सोसायटीत कॅमेरे बसवणाऱ्याकडे लायसन्स आहे का हे कुणी विचारलंय? एकही हात नाही, आणि विचारलं असतं तरी तो काही दाखवू शकला नसता, कारण असं लायसन्स आपल्याकडे नाहीच. जीएसटी नंबर, शॉप अ‍ॅक्टचा कागद, संपलं.

आता गंमत बघा. गेटवर वॉचमन देणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्राच्या कायद्याखाली लायसन्स लागतं, केंद्राच्या मॉडेल नियमांत तर गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर ट्रेनिंग सांगितलंय. म्हणजे रात्री गेटवर डुलक्या घेणाऱ्या काकांची पोलीस पडताळणी होते, आणि जो माणूस तुमच्या घरात शिरतो, कुठला कोपरा दिसत नाही ते बघतो, कॅमेऱ्याचा पासवर्ड टाकतो आणि तो पासवर्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये घेऊन घरी जातो, त्याला विचारणारं कुणी नाही.

वायरिंग करायची तर वायरमनचा परवाना लागतो. फायरचं बघा, महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात काम लायसन्सवाल्या एजन्सीनेच करायचं आणि दर जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा. एकाच सिलिंगवर स्मोक डिटेक्टर आणि कॅमेरा शेजारी शेजारी असतात, पहिल्याला कायदा, दुसऱ्याला 'भाऊ जरा बघून घ्या'.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नका. कॅमेऱ्यावर बरंच केलंय. एप्रिल २०२४ मध्ये नियम काढला, मग मुदतवाढ दिली, आणि ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्याची नुसती शॉकबिकची नाही तर सायबर सुरक्षेचीही टेस्ट सक्तीची झाली. फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, एनक्रिप्शन म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप, आत शिरायचे डीबग पोर्ट, पासवर्ड, सगळं लॅबमध्ये तपासतात. धंद्यात तेव्हा बोंबाबोंब झाली, माल मिळेना, रेट वाढले, मीही शिव्या घातल्या, पण नियम चांगला आहे.

फक्त तो डब्यापाशी थांबतो. डबा फोडला की पुढे आमचं राज्य. राजकोटच्या प्रसूतिगृहातलं फुटेज बाहेर गेलं ती २०२५ ची केस आठवते ना? बायकांच्या तपासणीचे व्हिडिओ विकले गेले, पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते, आणि सिस्टीमचा पासवर्ड काय होता म्हणे, तर अ‍ॅडमिन वन टू थ्री. लॅबचा शिक्का असलेला कॅमेरा जरी तिथे लावला असता तरी तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावू नको हे लॅब कसं सांगणार? ते सांगायचं काम बसवणाऱ्याचं.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. सुरवातीला एका कापडाच्या दुकानात मी चार कॅमेरे लावले, पिक्चर झकास, मालक खूष, आणि डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा रेकॉर्डर, ठेवला गल्ल्याच्या शेजारी उघड्यावर, कारण केबल तिथपर्यंतच पुरत होती. दोन महिन्यांनी चोरी झाली, चोरांनी गल्ला नेला आणि जाताना डीव्हीआरपण नेला. मालक मला काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. मला तेव्हा कुणी शिकवलंच नव्हतं की रेकॉर्डर कुलपात ठेवायचा असतो.

अजून एक, यात सगळे फसतात. कोटेशनवर लिहिलेलं असतं '३० दिवस बॅकअप'. हिशोब करा, कॅमेरा २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटने, रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी, १६ कॅमेऱ्यांचे झाले साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ४ टीबीची हार्ड डिस्क बाराव्या दिवशी जुनं फुटेज पुसून स्वतःवरच लिहायला लागते. रिझर्व्ह बँकेने लॉकर रूमच्या फुटेजला किमान १८० दिवस ठरवून दिलेत, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यांसाठी १८ महिने सांगितले, निदान वर्षभर तरी. पण हा गुणाकार करून डिस्क टाकणाऱ्या माणसाला तो गुणाकार येतो का, ही परीक्षा कोण घेतं? बदलापूरनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांना महिनाभरात कॅमेरे लावायला सांगितलं तेव्हा आमच्या भागात डिश बसवणारी पोरंसुद्धा एका रात्रीत सीसीटीव्हीवाली झाली. पोरांचा दोष नाही, पोट आहे.

बाहेर काय करतात? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९९७ चा कायदा आहे, तिथे बसवणाऱ्यालाच लायसन्स लागतं, आणि ते देण्याआधी गुन्ह्यांचं रेकॉर्ड बघतात. ब्रिटनने वेगळंच केलंय, बसवणाऱ्यावर लायसन्सची सक्ती नाही, पण अलार्म वाजल्यावर पोलीस थेट यायला हवे असतील तर तो मान्यताप्राप्त संस्थेचं सर्टिफिकेट असलेल्या कंपनीने बसवलेला पाहिजे, तरच पोलीस त्या अलार्मला नोंदणीचा नंबर देतात. मला हे जास्त आवडतं, न दमदाटी करता ग्राहकच चांगला माणूस शोधायला लागतो.

आपल्याकडे नुसतं लायसन्स आणलं तर काय होईल ते फॉर्म बी सांगतो. सगळे तसे नाहीत, पण पंप न चालवता सही झालेले फॉर्म बी मी डोळ्यांनी बघितलेत. म्हणून कंपनीला नको, माणसाला कार्ड द्या, वायरमनसारखं, हातात क्रिम्पिंग टूल, म्हणजे केबलला कनेक्टर लावायचा पक्कड, देऊन परीक्षा घेऊन. 'सीसीटीव्ही इन्स्टॉलेशन टेक्निशियन' असा सरकारमान्य कोर्स आजही आहे, फक्त ऐच्छिक आहे, निदान शाळा आणि दवाखान्यांच्या टेंडरमध्ये तरी तो सक्तीचा करा.

काय काका? हो, तोपर्यंत तुम्ही काय करायचं. काम संपलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करायचा आणि बसवणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभा करायचा. मी उभा राहतो. मग मागची तारीख लावून फुटेज उघडायला सांगायचं, महिन्याभराने परत बोलवून परत उघडायला लावायचं, आणि तोपर्यंत शेवटचा चेक द्यायचा नाही. माझ्या धंद्यातली लोकं मला यासाठी मारतील, चला, चहा आलाय.