ठमीचे तीन पाय

(पडद्यावर: पावसाळी सकाळ. लोखंडी फाटक. आत एकच गलका, मग हळूहळू शांतता.)

रविवारी साडेआठला मी इथे, प्राण्यांच्या निवाऱ्यात, पोचते. पिंजरे नुकतेच धुतलेले असतात, फिनेलचा वास अजून गेलेला नसतो. कॅमेरा मी लगेच काढत नाही. फरशीवर बसून राहते. ज्याला यायचं तो येतो, हात हुंगतो, पिशवी हुंगतो, निघून जातो. पहिल्याच दिवशी इथले मामा म्हणाले होते, "ताई, घाई नका करू. आधी त्याला तुमचा वास घेऊ द्या."

मी परळची. आमच्याकडे बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल असं कुणी म्हणत नाही, बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८३ पासून ते तिथे आहे. शाळेतून येताना फाटकाशी थांबून मी आत बघायचे. दुखणाऱ्या जनावराची नजर कशी असते, ते तिथेच कळलं. पुढे हातात कॅमेरा आला, तेव्हा त्याचं काय करायचं हे फार शोधावं लागलं नाही.

(पडद्यावर: पिंजऱ्यांची रांग. एका कुत्र्याचा कान, जवळून.)

नसबंदी आणि रेबीजची लस झाली की रस्त्यावरचा कुत्रा जिथून आणला तिथेच परत सोडायचा, असं केंद्राचे २०२३ चे नियम सांगतात. त्यामुळे इथे मुक्कामाला राहतात ते गाडीखाली सापडलेले, आंधळे, म्हातारे, आणि घर बदलताना कुणीतरी फाटकाला बांधून गेलेले. त्यांना घर मिळावं म्हणून हे फोटो. बघणारा मोबाइलवर भराभर पुढे जात असतो. तो थांबला तर एका नजरेपाशी थांबतो. म्हणून मी पालथी पडते, लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणते. वरून काढलेल्या फोटोत कुत्रा केविलवाणाच दिसतो, आणि हे कुत्रे केविलवाणे नाहीत.

फ्लॅश कधीच नाही. ते दचकतात, शिवाय त्यांच्या डोळ्यांत आत एक चकाकणारा थर असतो, उजेड त्यावरून उलटतो आणि नजरेच्या जागी हिरवे दिवे दिसतात. पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. सगळीकडे निळी ताडपत्री. तिच्याखालून येणाऱ्या उजेडात पांढरी मांजर चक्क निळी होते. मग तिला उचलून पत्र्याच्या कडेला आणायचं, जिथे ढगातला मऊ उजेड सरळ पडतो.

सगळ्यांत जास्त वेळ मी काळ्या कुत्र्यांना देते. त्यांना मागणी कमी, असं मामा सांगतात. माझ्या मते त्यात फोटोंचाही दोष आहे. चौकटभर काळा कुत्रा असला की कॅमेरा त्याला उजळवून राखाडी करतो, आणि मागे पांढरी भिंत असली की त्याचा नुसता डाग होतो. डोळे सापडतच नाहीत. काळूला मी हिरव्या जाळीपुढे बसवलं, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते, हाताने लावलं. चाळीसेक फोटोंनंतर एकात त्याच्या डोळ्यात आकाशाचा ठिपका आला. तेवढा एक पुरला.

(पडद्यावर: ठमी. बसलेली.)

ही ठमी. गावठी, तांबूस, मागचा डावा पाय नाही. तिचा पहिला फोटो मी असाच काढला होता, बसलेला, पाय नाही हे कळणार नाही असा. मला वाटलं, आधी चेहरा तर आवडू दे. एक कुटुंब आलं. ठमी उठली, तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याकडे गेली. सोबतचा मुलगा आईच्या मागे लपला. माणसं चांगली होती, वाईट काही बोलली नाहीत. पण परत निघाली, आणि ठमी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून काहीच झाकायचं नाही असं ठरवलं. नसबंदीची खूण असलेला कापलेला कान चौकटीत ठेवते. पांढरा पडलेला डोळाही. ठमीचा नवा फोटो उभा आहे, तीन पायांवर, जीभ बाहेर. सोबत तिच्या धावण्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ.

दीड महिना काहीच घडलं नाही. मग गिरगावातून एका आजींचा फोन आला. त्यांनी पायाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "आमची चाळ जुनी आहे हो, लिफ्ट नाही. दुसरा मजला. चढेल का ती?"

(पडद्यावर: ऑफिसचा अरुंद लाकडी जिना.)

मामांनी ठमीला जिन्याशी आणलं. मी खालच्या पायरीशी पालथी पडले. तिने पहिली पायरी हुंगली. दुसरीवर थोडी घसरली, सावरली. चौथ्या पायरीवर थांबून तिने मागे वळून पाहिलं, मामा येतायत ना म्हणून. आणि परत चढू लागली.