कॉर्दोबाच्या खांबांमधून

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या मशिदीत, म्हणजे आताच्या कॅथेड्रलमध्ये, पाऊल टाकलं की आधी दिसतात ते खांब. साडेआठशेच्या आसपास आहेत. जुन्या भागात जरा रेंगाळलं की लक्षात येतं, हे एकसारखे नाहीतच. एखादा गुलाबी, एखादा काळपट, कुणाच्या माथ्यावर रोमन धाटणीची पानं कोरलेली. इथल्या मुस्लिम अमीराने, पहिल्या अब्द अल-रहमानने, ७८५ च्या सुमारास बांधकाम काढलं, तेव्हा पडक्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (मुसलमानांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या जमातीच्या) इमारतींचे खांब उचलून आणले. ते ठेंगणे पडले. मग छताला उंची द्यायची कशी? गवंड्यांनी कमानीवर कमान चढवली, लाल वीट आणि पांढरा दगड आलटूनपालटून. आज पोस्टकार्डांवर मिरवते ती दुहेरी कमान अशी अडचणीतून जन्मली.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. आमच्या पुस्तकांत धर्म हा सनावळीत बसवलेला असतो : अमुक सालापर्यंत हे, तिथून पुढे ते. कॉर्दोबाचं साल १२३६. कॅस्टीलच्या ख्रिस्ती राजाने, तिसऱ्या फर्नांदोने, शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. खोटं काहीच नाही यात. पण मिहराबासमोर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोर, उभं राहिलं की हे वाक्य तोकडं वाटू लागतं. दहाव्या शतकात कॉर्दोबाचा खलिफा दुसऱ्या अल-हकमने तो सजवला. त्यासाठी काचेचे सोनेरी तुकडे पाठवले कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, ख्रिस्ती सम्राटाने! त्यांतूनच कुराणातली वचनं साकारली. राजकारण होतंच त्यात. बगदादचे खलिफा दोघांच्याही डोळ्यांत खुपत होते. तरी ती निळी-सोनेरी अक्षरं पाहताना राजकारण आठवत नाही, हेही खरं.

१२३६ नंतर जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी त्या खांबांमध्येच थोडेफार फेरफार करून आपली उपासना चालवली. मग १५२३ मध्ये बिशप आलोन्सो मानरिके यांनी ठरवलं, मधोमध खांब पाडून उंच चर्च उभारायचं. विरोध कुणी केला? कॉर्दोबाच्या नगरपरिषदेने. पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड, असा हुकूमच काढला. ज्यांना तिथे कधी नमाज पढायचा नव्हता, ती माणसं मशिदीसाठी उभी राहिली. अखेर बादशहा पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे ते काम पाहून तो हळहळला, अशी आख्यायिका गाईड मंडळी रंगवून सांगतात. मला त्या हळहळीपेक्षा नगरपरिषदेचा हुकूम मोलाचा वाटतो.

पण म्हणून त्या काळाला सहिष्णुतेचा मुलामा देता येत नाही. त्याच कॅस्टील राज्यातून १४९२ मध्ये यहुद्यांना हाकललं गेलं. १५०२ मध्ये मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग, एवढंच ठेवलं. माणसं घालवली आणि त्यांच्या खांबांसाठी मात्र भांडले. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असते, तेव्हा पर्यटकांना बाहेर काढतात. मी निघत होते आणि एक आजी आत येत होत्या. कमानींकडे मान वर करून पाहिलंही नाही त्यांनी. सरळ आपल्या बाकाकडे गेल्या. मला हेवा वाटला. आम्ही जे डोळे फाडून पाहतो, ते त्यांच्या रोजच्या वाटेवरचं. मुस्लिम प्रवाशाला मात्र त्या छताखाली नमाजाची परवानगी नाही.

इस्तंबूलला याच्या उलटा प्रकार. हागिया सोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झालं, १४५३ मध्ये त्याची मशीद झाली, १९३५ पासून ते संग्रहालय होतं आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. आता खाली नमाज चालतो आणि आम्ही परदेशी पाहुणे तिकीट काढून वरच्या सज्जात. तिथल्या संगमरवरी कठड्यावर कुणा उत्तरेकडच्या वायकिंगने रून या तिकडच्या जुन्या लिपीत आपलं नाव खरडलेलं आहे. झिजून झिजून ‘हाल्फदान’ एवढंच लागतं. बहुधा सम्राटाच्या पहारेकऱ्यांपैकी असावा. त्याची श्रद्धा कशावर होती, कोण जाणे! पण खाली प्रार्थना लांबली होती आणि गडी वर कंटाळला होता, अशी माझी खात्रीच आहे.

नमस्कार.